चौथा रकाना

मंगळवार, ८ मार्च १९८८. वेळ सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. रक्कम: खाटेशेजारच्या कपाटात सात दिनार अडीचशे फिल्स. हजर: मी नव्हतो.

युसूफभाई तांडेल गेल्याची नोंद अशीच करायला हवी, कारण तेरा वर्षांच्या ओळखीत त्यांनी मला जगातली कुठलीही घडामोड याच क्रमाने सांगितली. केव्हा झालं, कितीला झालं, आणि तिथे हजर कोण होतं. त्या दिवशी सकाळी अकरा चाळीसला मी त्याच इस्पितळात, त्यांच्या वॉर्डाखाली तीन मजले, तळघरातल्या भांडारात एक्स-रे फिल्मच्या पेट्या मोजत होतो. वर्षअखेरची मोजणी होती. आदल्या संध्याकाळी मी त्यांना सांगून आलो होतो, "मोजणी दोनला संपेल, दोनला येतो." मोजणी दोनला पाच मिनिटं असताना संपली आणि मी बरोबर दोनला वर गेलो. खाटेवर नवी चादर घातलेली होती... ती इतकी नीट ताणलेली होती की क्षणभर वाटलं, मजला चुकला.

ओळख झाली ती १९७५ साली, एक्स-रेच्या टेबलावर. तेव्हा मी भांडारात नव्हतो, तंत्रज्ञ होतो. कुवेतच्या शुवैख बंदरातल्या एका जहाजदुरुस्तीच्या कारखान्यातला रंगारी परांचीवरून पडून बरगड्यांना मार लागला म्हणून आणला होता. पन्नाशीचा, कृश, दाढीत पांढरे आणि निळ्या रंगाचे ठिपके. पांढरे वयाचे आणि निळे कारखान्याचे. मी पाठ केलेल्या अरबीत म्हणालो, "खुद नफस." श्वास घ्या. ते तसेच पडून राहिले. मी हिंदीत म्हणालो, मग इंग्रजीत. शेवटी वैतागून स्वतःशीच मराठीत पुटपुटलो, "श्वास घ्या हो बाबा." तशी त्यांनी एक डोळा उघडला. "असा सांगा की साहेब. मी श्वास मराठीतच घेतो." हसल्यामुळे बरगडी दुखली आणि फोटो हलला. दुसरा काढावा लागला. त्या वेळच्या नोंदवहीत एका रुग्णामागे दोन फिल्म खर्ची पडल्याचं कारण मी 'हालचाल' असं लिहिलं आहे.

पुढच्या शुक्रवारी ते आमच्या फहाहीलच्या घरी आले, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन झुबैदी, म्हणजे आपली पापलेटं. माझ्या पत्नीने, नलिनीने, दार उघडलं आणि वास येताच ती दोन पावलं मागे सरली. आम्ही मासे खात नाही हे त्यांच्या ध्यानीच आलं नव्हतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा माणूस. देवधर आडनाव ऐकलं तरी त्याच्या लेखी माणूस म्हटला की तो मासे खाणारच. "अरे अल्ला," ते म्हणाले, "वहिनी, माफ करा, हे शेजारी देऊन येतो." शेजारच्या बिऱ्हाडातल्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, बाईला मासे गेले आणि तिच्याकडून आमच्याकडे लोणचं आलं. त्यानंतर दर शुक्रवारी ते खुबूस, म्हणजे तिथली रोटी, आणि दही घेऊन यायचे, आणि काखेत एक लांबट वही.

ती वही म्हणजे जहाजावरच्या रोजच्या नोंदींसाठी वापरतात तसली, जाड पुठ्ठ्याची. युसूफभाई सतराव्या वर्षी जहाजावर चढले आणि एकोणीस वर्षं परदेशी मालवाहू बोटींवर हिंडले. मनिला, होनोलुलू, पनामाचा कालवा, सान हुआन. एका बंदरातल्या खलाशांच्या विश्रामगृहात त्यांना अमेरिकन शाळेतलं इतिहासाचं फाटकं पुस्तक मिळालं. इंग्रजी जेमतेम, पण आकडे आणि सनावळी कळत होत्या. त्यात त्यांना दिसलं की हे राष्ट्र वाढत गेलं ते बऱ्याच ठिकाणी रीतसर कागद करून. तेव्हापासून वहीत दर पानावर एका जागेचं नाव आणि खाली चार रकाने: तारीख, रक्कम, कोणाला दिली, हजर. लुईझियाना: १८०३, दीड कोटी डॉलर, फ्रान्सला. अलास्का: १८६७, बहात्तर लाख, रशियाला. फिलिपिन्स: १८९८, दोन कोटी, स्पेनला. हवाई: १८९८, रक्कम नाही. पनामा: १९०३, एक कोटी आणि वर नऊ वर्षांनंतर सालाना अडीच लाख. पहिले तीन रकाने भरलेले. चौथ्यात कुठे एखादं नाव, कुठे रेघ, बहुतेक ठिकाणी कोरं.

"चौथा पुस्तकात नाय सापडत," ते म्हणाले. "म्हणून बंदरात विचारायचो. हमालाला, भाजीवालीला. तुमची जागा ह्यांनी घेतली तेव्हा तुमचा कोण हजर व्हता?"

"आणि ते काय सांगायचे?"

"अर्धे हसायचे. एकाने दारू पाजली. एक म्हातारी रडली. पण रडणं रकान्यात कसं लिहायचं, देवधरसाहेब?"

मला आकड्यांचा सोस आहे, हे मी लपवत नाही. त्या वहीत मला पहिल्यांदा दिसली ती बेरजेची चूक. ती मी दुरुस्त केली. मग मी हौसेने भागाकार सुरू केले. अलास्का एकरी दोन सेंट. फिलिपिन्सचे दोन कोटी भागिले त्या वेळची माणसं, साधारण माणशी अडीच-तीन डॉलर. मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, घडी केली, वहीत ठेवला आणि दही मागितलं. आमची मुलगी मधुरा तेव्हा सात वर्षांची. ती नकाशात बोट फिरवत म्हणाली, "अंकल, हवाई इज अ हॉलिडे प्लेस." ते म्हणाले, "हां बेटी. घरवाल्यांना सोडून सगळ्यांना हॉलिडे."

रकान्याचं वेड कुठून आलं ते त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. त्यांच्या गावी एक मोठा मछवा चार जणांच्या भागीत होता. त्यातला एक भाग त्यांच्या वडिलांचा. वडील दुसऱ्याच्या पडावावर, मालाच्या होडीवर, मंगळूरकडे गेलेले असताना उरलेल्या तिघांनी मछवा विकला. आमच्या कोकणात, ते सांगत, होडीचा व्यवहार झाला की कागदाच्या तळाशी 'हजर' असं लिहून त्याखाली नावं घालतात. तिथे तीन नावं होती. वडील परत आले तेव्हा त्यांच्या हिश्शाचे पैसे फडक्यात बांधून तयार होते. "एक पैसा कमी नव्हता," युसूफभाई म्हणाले. "भाव पण चांगला आलेला. अब्बांनी पैसे घरात ठेवले आणि तो कागद घेऊन ओटीवर बसले. वाचता येत नव्हतं. ज्याला त्याला विचारायचे, खाली माझा नाव हाय का बघ... गावाला वाटलं म्हाताऱ्याला पैसे कमी पडले."

मलाही त्या दिवशी नीट कळलं असं म्हणवत नाही. मी विचारलं, मग त्यांचं नुकसान काय झालं? ते म्हणाले, "तेच तर."

फिलिपिन्सचा रकाना भरला तो माझ्यामुळे, एवढं श्रेय मी घेतो. आमच्या इस्पितळात लिगाया नावाची एक फिलिपिनो सिस्टर होती, अजूनही आहे. १९७९च्या सुमारास एकदा चहाच्या वेळी मी तिला युसूफभाईंचा प्रश्न विचारला. ती आधी संशयाने पाहत राहिली. मग म्हणाली की शाळेत शिकवलेलं आठवतं, त्यांचा एक माणूस बोटीने थेट पॅरिसपर्यंत गेला होता, जिथे तह चालला होता तिथे. त्याला आत घेतलं नाही. "दाराबाहेर?" मी विचारलं. "दाराबाहेर," ती म्हणाली. मी तिला माझा भागाकारही सांगितला, माणशी अडीच-तीन डॉलर. तिने कप खाली ठेवला. "माझी आजी तेव्हा आठ वर्षांची होती. ती धरली का तुम्ही यात?" मी म्हटलं, धरली असणार, लोकसंख्येत सगळे येतात. ती वॉर्डात निघून गेली आणि दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलली.

युसूफभाई मात्र तो रकाना भरताना सणासारखी टोपी घालून बसले होते. लिहिलं, 'एक माणूस. दाराबाहेर.' मग मला विचारलं, पनामाचं काय? तोवर मला एका इंग्रजी मासिकात सापडलं होतं की पनामाच्या वतीने सही करणारा फ्रेंच होता आणि पनामाची माणसं वॉशिंग्टनात आगगाडीतून उतरली तेव्हा सह्या होऊन गेल्या होत्या. त्यांनी लिहिलं, 'गाडीत.' हा एक शब्द लिहून झाल्यावर त्यांनी वही मिटली आणि नलिनीला म्हणाले, "वहिनी, आज साखर जास्त घाला."

वही तोवर आमच्याच घरी राहू लागली होती. त्यांच्या शुवैखच्या खोलीत सहा खाटा आणि एक कपाट, जागा नव्हती. १९८३च्या डिसेंबरात शहरात स्फोट झाले, अमेरिकन वकिलातीवरही. रस्त्यात तपासण्या सुरू झाल्या. कोणाला विचारायला नेलं, कोणाला परत पाठवलं, अशा बातम्या दर बसमध्ये ऐकू यायच्या. त्यातल्या खऱ्या किती हे मला आजही सांगता येणार नाही. त्या शुक्रवारी मी वही आधीच पिशवीत घालून दाराशी ठेवली होती. युसूफभाई आत येऊन बसायच्या आत म्हणालो, "ही वही इथे नको. दर पानावर अमेरिकेचं नाव आहे. कोणी पाहिली तर काय समजावणार? राहण्याचा परवाना, इकामा, माझ्या नावावर आहे, घरात बायको-मुलगी आहे."

त्यांनी पिशवी उचलली. "बरोबर हाय," ते म्हणाले. "घरवाल्याने घराचा बघायचा." मग बसले, चहा प्यायले, मधुराच्या परीक्षेची चौकशी केली. पुढच्या शुक्रवारीही आले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यानंतर साडेतीन वर्षं आम्ही बोललो ते हवेविषयी, दिनारच्या भावाविषयी, गावच्या पत्रांविषयी. मछव्याच्या कागदासारखंच काहीतरी आमच्या मध्ये पडून होतं आणि त्यावर बोलायचं ते मलाच होतं. मी बोललो नाही. १९८६त मधुराच्या कॉलेजसाठी नलिनी आणि ती पुण्याला परतल्या. मग शुक्रवारी आम्ही दोघेच. मी भात लावायचो, ते खुबूस आणायचे. वातानुकूलन यंत्र घरघरत असायचं.

१९८७ सालची गोष्ट वाचकांना आठवत असेल. आखातात इराण-इराकच्या लढाईत जहाजांवर मारा होत होता, तेव्हा कुवेतच्या अकरा तेलवाहू जहाजांवर अमेरिकन झेंडा चढवायचं ठरलं, म्हणजे अमेरिकन आरमाराला त्यांची राखण करता यावी. झेंडा बदलला की जहाजाचं नाव बदलतं आणि पाठीमागे लिहिलेलं बंदराचं नावही. ते कोणीतरी खोडायचं असतं आणि नवं कोणीतरी रंगवायचं असतं. मी वर्तमानपत्रात बातमी वाचली तेव्हा हा विचार माझ्या मनातही आला नव्हता.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी दार वाजलं. युसूफभाईंच्या एका हातात खुबूस आणि काखेत ताडपत्रीत गुंडाळलेली वही. उंबऱ्यावरच थांबले. "आणू का आत?" म्हणाले. "पाहुणी म्हणून. जाताना नेतो."

मी म्हटलं, या.

त्यांनी नवं पान उघडलं. त्यांना आणि आणखी सात रंगाऱ्यांना लाँचमधून दूर नांगरलेल्या एका जहाजावर नेलं होतं. मागच्या बाजूला दोरावर फळी सोडून तिच्यावर बसायचं आणि 'कुवेत' खोडायचं. "अक्षरं नुसती रंगाची नसतात," ते सांगत होते. "पत्र्यावर वेल्डिंगची रेघ असते, उठलेली. ती घासून काढायला चार दिवस लागतात. आम्हाला एक दिवस दिला. मग वरून काळा मारला, त्यावर नवीन नाव पांढऱ्यात. अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदराचा. मी मुकादमाला विचारलं, हा जहाज तिकडे कधी गेलेला काय? तो म्हणाला, तुला काय करायचंय, सरळ रेघ मार." त्यांनी उजवा तळवा उघडा करून माझ्यापुढे धरला. "डोळ्याला नवीन दिसतो. पण हात फिरवला ना, तर खाली जुना लागतो."

"इथे कोणी जबरदस्ती केलेली नाही, युसूफभाई," मी म्हणालो. "कुवेतने स्वतः बोलावलंय अमेरिकनांना."

"लिहिलाय ना तसा. बघा, 'बोलावल्यावरून.' मी खोटा कशाला लिहीन? पण रकमेचा रकाना कोरा राहतोय. रकमेशिवाय कागद असतो काय?"

"असतो," मी म्हणालो. "बिल मागाहून येतं."

ते खूप हसले. चार वर्षांत पहिल्यांदा. मग चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हजर: युसूफ इस्माईल तांडेल, रंगारी, मु. रत्नागिरी जिल्हा.' खाली पाच नावं आणि दोन रिकाम्या ओळी, कारण दोघा बांगलादेशी रंगाऱ्यांची पूर्ण नावं त्यांना ठाऊक नव्हती. ती विचारून पुढच्या शुक्रवारी भरली. "एवढी पानं झाली," ते म्हणाले, "पण ह्या खेपेला आतला माणूस हजर व्हता. फळीवर लटकलेला का असेना." मी विचारायला हवं होतं की ते इथे आतले कसे, आपण दोघेही इकाम्यावरची माणसं. विचारलं नाही. जाताना त्यांनी वही ताडपत्रीत गुंडाळली. मी म्हणू शकलो असतो, राहू द्या. तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, "पुढच्या शुक्रवारी या."

थंडीत खोकला सुरू झाला. फेब्रुवारीत त्यांना आमच्याच इस्पितळात दाखल केलं. छातीचे फोटो मी पाहिले. तेरा वर्षांपूर्वी जुळलेल्या दोन बरगड्या ओळखू आल्या आणि त्यांच्यामागे जे होतं तेही ओळखू आलं. रंगाऱ्यांच्या छातीत ते असतं. मी रोज संध्याकाळी साडेसहाला जायचो आणि साडेसातला निघायचो. सोमवारी, सात तारखेला, त्यांनी खाटेशेजारच्या कपाटाकडे मान वळवली. आत ताडपत्री होती.

"आता ठेवाल?" त्यांनी विचारलं.

सव्वाचार वर्षं मी त्या प्रश्नाची वाट पाहिली होती. मी हो म्हणालो. तिथल्या तिथे घ्यायला हवी होती. पण रात्री हातात एवढं गाठोडं घेऊन बाहेर पडलो तर दारावर शिपाई उघडून बघेल, हा हिशेब डोक्यात आला. दिवसा पांढऱ्या कोटात नेली तर कोणी विचारणार नाही. म्हणून म्हणालो, "उद्या मोजणी दोनला संपेल. दोनला येतो, तेव्हा नेतो."

"दोनला," ते म्हणाले. "बरा."

दोनला मी त्या चादरीपुढे उभा होतो तेव्हा सिस्टर लिगाया आली. तिच्या हातात उशीच्या अभ्र्यात घातलेली वही होती. ताडपत्रीला रंगाचा वास येत होता म्हणून तिने काढून टाकली होती. "तुम्ही दोन वाजता ही न्यायला येणार असं तो म्हणाला होता," ती म्हणाली. मी विचारलं, शेवटी कोण होतं जवळ? "मी," ती म्हणाली. "श्वास घे म्हणून सांगत होते. इंग्रजीत, अरबीत. मग तो हसला आणि काहीतरी बोलला, तुमच्या भाषेत. मला कळलं नाही." मी तिला दोन-तीन वाक्यं बोलून दाखवली, यातलं काही होतं का विचारलं. ती नाही म्हणून मान हलवत राहिली. माझ्या जिभेवर पहिल्या भेटीतलं श्वासाचं एक वाक्य होतं. ते मी बोललो नाही... तेही नव्हतं म्हणाली असती तर?

दफनाला मी होतो. कारखान्यातले नऊ जण होते आणि मी मागे चपला काढून उभा होतो. पण तो निराळा प्रसंग, त्याची नोंद निराळी.

गेल्या आठवड्यात त्यांच्या पत्नीचं, जैनबवहिनींचं, पत्र आलं. कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. पैसे पोहोचल्याचं त्यात आहे, आणि वही तुमच्याकडे राहावी असं त्यांनी शेवटच्या पत्रात कळवलं होतं, असंही. वही आता बैठकीत, रेडिओशेजारी उघड्यावर आहे. शुक्रवारी दारावर थाप पडत नाही, पण साडेअकराला माझा हात अजून दोन कप काढतो. काल मी ती इस्पितळात नेली आणि नवं पान उघडलं. लिगायाला भांडारात बोलावून पेन दिलं आणि चौथ्या रकान्यात पूर्ण नाव लिहायला सांगितलं. तिने आधी फिलिपिन्सचं पान मागितलं. अक्षरं तिला वाचता येत नव्हती. मी एक एक शब्दावर बोट ठेवून सांगितलं: एक माणूस, दाराबाहेर. तिने बराच वेळ पाहिलं. मग नव्या पानावर ठळक अक्षरांत आपलं नाव लिहिलं, खाली आजीचंही लिहिलं, आणि आजी कशाला हे मी विचारलं नाही.

बाकीचे तीन रकाने माझ्या अक्षरात आहेत. तारीख: ८ मार्च १९८८. रक्कम: सेवासमाप्तीचे एक हजार एकशे शहाऐंशी दिनार, अधिक कपाटातले सात दिनार अडीचशे फिल्स. कोणाला दिली: पत्नी जैनब युसूफ तांडेल यांना, पूर्ण.